छाटणीची मजुरी द्या, लाकडावर सौदा करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात फोटो आला होता, वादळात झाडाचा मोठा फाटा मोडून उभ्या गाडीवर पडला, नशीब आत कोणी बसलेलं नव्हतं. खाली बातमीत लिहिलं होतं की रस्त्यावरची जुनी झाडं धोकादायक झालीत आणि ती तोडून टाका अशी लोकांची मागणी आहे. मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला. फाटा जिथून फाटला तिथं जुना सपाट काप दिसत होता साहेब, म्हणजे काही वर्षांआधी कोणीतरी ते झाड वरून बोडकं केलेलं, आणि त्या ठोंबावर, म्हणजे कापून उरलेल्या खुंटावर, जे धुमारे फुटले तेच आता जड होऊन सालीसकट उपटून आले. झाडाच्या वयाचा त्यात काही दोष नाही. मी २२ वर्षं झाली अमळनेर-चोपडा भागात झाडं छाटतो आणि त्याच लाकडाची छोटी वखार चालवतो, म्हणून दोन्ही बाजूनं बोलू शकतो.

आमच्या धंद्यात एक सौदा सगळीकडे चालतो, तो लोकांना माहीत नाही. कॉलनीवाले असोत, शाळा असो, मंदिर असो, नाहीतर एखादं ऑफिस, झाड छाटायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लाकूड तुम्हीच घेऊन जा, मग आम्ही द्यायचं काय?" म्हणजे छाटणी फुकट, मजुरीच्या बदल्यात लाकूड. ऐकायला दोघांच्या फायद्याचं वाटतं. पण आता विचार करा, ज्या माणसाला चार पोरांची हजेरी, मशीनचं पेट्रोल, ट्रॅक्टरचं भाडं हे सगळं त्या लाकडातून काढायचंय तो काय कापेल? वाळकी, किडलेली, पोकळ फांदी, जी खरं म्हणजे आधी काढायला पाहिजे, तिला वजन नाही आणि तिच्यावर चढायला जीव घाबरतो, म्हणून ती तशीच राहते. आणि मांडीएवढा जाड हिरवा जिवंत फाटा, ज्याच्यावर झाडाचा सगळा तोल आहे, त्याला चांगलं वजन भरतं म्हणून तो पहिला खाली येतो. मी पण सुरुवातीच्या वर्षांत असंच केलं, खोटं कशाला बोलू, पोटापाण्याचा प्रश्न होता आणि शिकवणारं कोणी नव्हतं.

शिकलो ते झाडं मरताना बघून. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगवटा असतो, आपल्या मानेवर वळी पडते तसा. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यायचा, खोडाला घासून नाही आणि हातभर ठोंब ठेवूनही नाही. जाड फांदी असली तर तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर खालून, फांदीच्या जाडीचा तिसरा हिस्सा, मग त्याच्या जरा बाहेर वरून, म्हणजे फांदी मोडून पडते पण खोडाची साल सोलत नेत नाही, आणि मग शेवटी उरलेला ठोंब फुगवट्यापाशी दोर बांधून आरामात काढायचा. असा काप घेतला की वर्षभरात त्याच्याभोवती सालीचं गोल कडं धरायला लागतं आणि झाड हळूहळू स्वतःच जखम झाकतं, डांबर-बिंबर काही फासायची गरज नाही. खोडाला घासून कापलं तर तो फुगवटाच जातो, मग जखम भरत नाही, बुरशी शिरते, खोडकिडा शिरतो आणि आठ-दहा वर्षांत झाड बाहेरून हिरवं अन आतून डबा. या तीन कापांना वेळ लागतो, आणि फुकटच्या छाटणीत वेळ कोण देणार?

दुसरी गोष्ट म्हणजे मुहूर्त. आपल्याकडे छाटणीची आठवण कधी येते तर मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला की. अहो आपल्या जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४५ च्या वरही जातो, त्या उन्हात निंबाची सावली काढून घेतली की जी साल आयुष्यभर सावलीत होती ती भाजून निघते, तडकते, आणि तिथूनच किडा आत जातो. मोठी छाटणी थंडीत करा, दिवाळीनंतर ते निंबाला नवी पालवी फुटायच्या आत. मे महिन्यात फक्त वाळकी आणि लोंबकळणारी फांदी काढायची, बस.

चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी, नाव घेत नाही, मला छाटणीला बोलावलं होतं. आवारात सात निंब होते, माझ्या कवेत न मावणारे. मी मजुरी सांगितली आणि म्हटलं लाकूड तुमचं तुम्ही विका, वजन करून देतो. साहेबांनी सांगितलं बजेट नाही, दुसरा माणूस उलट आम्हालाच पैसे द्यायला तयार आहे. तो आला, दोन दिवसांत सातही झाडांचे खांब करून गेला, सगळा जाड माल ट्रॅक्टरमधी गेला आणि बारीक फाट्यांचा ढीग तिथंच सोडला. त्यातले तीन निंब आज नाहीत. उरलेल्यांवर धुमाऱ्यांचे झुपके आलेत आणि त्याच्या खाली पोरं सायकली लावतात, मला तिथून जाताना वर बघवत नाही.

कायद्याचं पण बोलतो. शहरी भागासाठी १९७५ चा झाडं जतन करायचा कायदा आहे, त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून पाडणं नाही, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं सुद्धा त्यातच येतं. २०२१ ला सुधारणा होऊन ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. वावरातल्या आंबा, चिंच, मोह, जांभळासाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. आणि दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठानं, २०१३ मधी झाडाच्या बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला लावलं होतं, आपल्याकडं बघा, नवीन पेव्हर ब्लॉक सालीला चिकटवून बसवतात आणि मुळं कुजली की म्हणतात झाड म्हातारं झालं.

कोणी म्हणेल तू स्वतः लाकूड विकतो आणि झाडाची काळजी शिकवतो. हो विकतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही कारण लाकूड लागतंच. उज्ज्वला गॅस योजना २०१६ ला आली, घरोघरी सिलिंडर गेले, पण अंघोळीचा बंब, लग्नाचा आचारी, ढाबा आणि स्मशान, यांना आजही लाकूडच पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे करणाऱ्या बाया माझ्याकडून खास बाभळीचं वाळलेलं लाकूड निवडून नेतात, कारण ओलं लाकूड धुपतं, आच एकसारखी लागत नाही आणि मांडा खापरावर फाटतो. त्या माझ्यापेक्षा जास्त पारखी आहेत, दोन ढलप्या एकमेकींवर आपटतात, टणटण वाजलं तर घेतात, धप वाजलं तर बाजूला ठेवतात. ताज्या लाकडात अर्ध्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं, ते फोडून, आडवं-उभं रचून, वरून झाकून पण बाजूनं वारा खेळता ठेवून सहा महिने तरी वाळवावं लागतं. लाकडावर सौदा करणाऱ्याला एवढा दम कुठला, तो आज कापतो आणि उद्या ओलंच विकतो, म्हणजे गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देतं आणि धूर घरातली बाई खाते.

आणि चढणारी पोरं. माझा आतेभाऊ अशाच एका लाकडावरच्या कामात पंचवीस फुटांवरून पडला, कमरेला दोर नव्हता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ज्यानं काम दिलं तो म्हणाला मी कुठं मजुरी देत होतो, मी तर फक्त लाकूड न्या म्हटलं होतं. कागद नाही, पावती नाही. त्याचा डावा हात खांद्याच्या वर आजही जात नाही, आता माझ्याच वखारीत वजनकाट्यावर बसतो. मजुरी ठरवून दिली असती, चार ओळींचा कागद असता, तर निदान काम दिलं नाही असं तरी त्या माणसाला म्हणता आलं नसतं.

म्हणून ज्यांच्या ताब्यात झाडं आहेत त्या सगळ्यांना तुमच्या पेपरातून माझं सांगणं आहे, छाटणीची मजुरी वेगळी ठरवा, लेखी द्या, कोणती फांदी काढायची ती आधी चुन्यानं खूण करा आणि तेवढीच काढून घ्या. लाकूड काट्यावर मोजून वेगळं विका, त्याचे पैसे तुमच्याकडेच जमा होऊ द्या, मजुरीचा बराच भार त्यातच निघतो. पाला शेळ्यांवाले आनंदानं नेतात. आणि कापणाऱ्याला ते लाकूड विकूच नका, मी स्वतः अशा कामात लाकूड घेणार नाही, दुसऱ्या वखारीला द्या.

मागच्या डिसेंबरात एका वाड्यात निंब छाटायला गेलो होतो. घरातली आजी खाली खाट टाकून पूर्ण वेळ बसली होती आणि एका आडव्या फाट्याकडे मशीन गेलं की ओरडायची, "भाऊ, हाई फांदी राहू दे, आखाजीले पोरी झोका बांधतस." फाटा निरोगी होता, काढायचं काही कारणच नव्हतं, चांगला दीड-दोन क्विंटल भरला असता. मजुरी रोख ठरली होती म्हणून मला त्याच्या वजनाचा विचार करावा लागला नाही. यंदा आखाजीला मुद्दाम त्या गल्लीतून गेलो, झोका बांधलेला होता.

आपला,
एक झाडं छाटणारा आणि लाकूड विक्रेता,
अमळनेर तालुका, जि. जळगाव