क्षमा आयती मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ख्रिस्ती श्रद्धेवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा हेतू चांगलाच असणार. पण त्यांनी रंगवलेला तो सदा हसतमुख, उद्याची फिकीर नसलेला, चुटकीसरशी क्षमा करून मोकळा होणारा ख्रिस्ती माणूस घोरपडीत तरी माझ्या पाहण्यात नाही. कॅम्पात राहत असल्यास पत्ता कळवावा. पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, माझ्याऐवजी त्यालाच पाठवीन म्हणते.

'उद्याची चिंता करू नका' हे वचन मोठ्या टायपात छापले आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायातले ते अगदी शेवटचे, ३४वे. त्याच अध्यायात आधी प्रभूची प्रार्थना आहे. तिच्यात १२व्या वचनात मागणे आहे, की आम्ही आमच्या ऋण्यांना जसे सोडले तसे तू आम्हांला सोड. एवढ्यावर भागत नाही. १४ आणि १५ मध्ये अटच घातली आहे: तुम्ही लोकांना क्षमा केली नाहीत, तर तुम्हांलाही मिळणार नाही. म्हणजे प्रार्थना म्हणता म्हणता माणूस स्वतःवरच जप्ती आणतो. लेखकांनी अध्याय शेवटून उघडला आणि तिथेच मिटला असावा.

आमच्या घरी ही प्रार्थना रोज रात्री जेवायला बसण्याआधी व्हायची. वडिलांनी आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका गृहस्थांना मुलाच्या ॲडमिशनसाठी पैसे उसने दिले होते. ते काही परत आले नाहीत. गृहस्थ मात्र दर रविवारी उपासनेला हजर, आमच्या पुढच्याच बाकावर, कडक इस्त्रीच्या शर्टात. आई सगळी प्रार्थना खणखणीत म्हणायची आणि नेमकी त्या ऋण्यांच्या ओळीला गप्प व्हायची. ओठ घट्ट मिटलेले, हात भाकरीच्या दुरडीवर. आम्ही पोरे डोळे किलकिले करून तिच्याकडे बघायचो. ओळ सरली की 'परीक्षेत आणू नको'पासून पुन्हा आवाज चढायचा. एकदा वडील वैतागून म्हणाले, "अगं, नुसतं म्हणायला काय जातं?" "देवासमोर खोटं बोलू?" म्हणाली.

कित्येक वर्षे हे असेच चालले. मग त्या गृहस्थांच्या बायकोचे ऑपरेशन झाले आणि आई रोज दवाखान्यात डबा घेऊन जायला लागली. वाटभर त्या माणसाला नावे ठेवत जायची, पण डबा गच्च भरलेला, वर तुपाची वाटी वेगळी. ती ओळ ती कधी म्हणायला लागली, ते आम्हा भावंडांपैकी कोणालाच आठवत नाही. पैसे आलेच नाहीत.

श्रद्धेचा रोजच्या जगण्यावर परिणाम म्हणतात तो हा. राग चारचौघांसारखाच येतो, फक्त त्याला रोज रात्री हजेरी लावावी लागते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी रात्री क्षमा करते, आणि सकाळी त्यांची गाडी आमच्या जिन्याला आडवी लावलेली दिसली की खाते पुन्हा उघडते. यात निश्चिंत काय आहे, ते लेखकांनीच सांगावे.

आणखी एक. लेखभर 'त्यांची संस्कृती', 'त्यांची गाणी'. साहेब, आमच्याकडे उपासनेत पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे म्हणतात. फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालचे, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीचे. एवढ्या काळात 'त्यांची'वरून 'आपली'वर यायला हरकत नव्हती.

आणि तो फोटो! खाली 'कॅम्पातील चर्च' असे छापलेला लाल विटांचा उंच मनोरा हे ज्यू बांधवांचे प्रार्थनास्थळ आहे. १८६७ पासून तिथे उभे आहे आणि अख्खे पुणे त्याला लाल देऊळ म्हणून ओळखते, आपला फोटोग्राफर सोडून. त्याला एकदा गुरुवार पेठेत पंचहौद चर्चला पाठवा. चहा कोणी दिला तर खुशाल घेऊ द्या. १८९० मध्ये तिथे चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांमागे प्रायश्चित्ताचे लचांड लागले होते, पण आता पुण्यात तेवढी सवड कोणाला नाही.

आपली,
एक जुनी वाचक, घोरपडी, पुणे