ज्वारीच्या देशातली मुलं उपाशी आहेत : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत सुदानहून पुण्याला शिकायला आलेली काही मुलंमुली रोज बसतात. १५ एप्रिल २०२३ला त्यांच्या देशात लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. तेव्हापासून एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. त्यांत या मुलांची घरंही आहेत.

सुदान ज्वारी खाणारा देश. ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर घावनासारखं पातळ पसरायचं, ती किसरा. तीच त्यांची रोजची भाकरी. त्याच देशाच्या पश्चिमेकडच्या दार्फुर भागात, झमझम या निर्वासितांच्या छावणीत, ऑगस्ट २०२४मध्ये दुष्काळ जाहीर झाला. शेजारच्या अल-फाशिर शहराला दीड वर्ष वेढा पडला होता. धान्य संपलं तेव्हा माणसांनी शेंगदाण्याची पेंड खाल्ली. पेंड कुणासाठी असते, हे ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना वेगळं सांगायला नको. १९८४ सालीही दार्फुरमध्ये दुष्काळ होता, पण तेव्हा पाऊस रुसला होता. या वेळची भूक माणसांनी आणली आहे : पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला पळावं लागलं, बाजार लुटले गेले, धान्याचे ट्रक वाटेत अडवले गेले.

आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी १९७२ पाहिलं आहे. दुष्काळी कामावरची खडी, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. ती मिलो कुणी पिकवली, कुणी पाठवली, हे खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तिथले तरुणही हात बांधून बसलेले नाहीत. खार्तूमपासून दार्फुरपर्यंत त्यांनी वस्तीवस्तीत सार्वजनिक चुली मांडल्या, जखमींना हलवलं, त्यापायी काहींनी जीव गमावला. सगळ्यांनी मिळून एकाचं काम उचलायचं, याला ते ‘नफीर’ म्हणतात. आपल्याकडे इर्जिक म्हणतात.

आपली इर्जिक इथल्या मुलांसाठी आहे. सुदानमधल्या बँका बंद पडल्या, घरून येणारे पैसे आटले. काही जण एक वेळ जेवून परीक्षा देत आहेत आणि ते कुणाला सांगत नाहीत. आम्हालाही उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं. यांच्या जेवणाखाण्याचा भार आपण घेतला, तर निर्वासित छावणीत बसलेल्या आईला जमवलेला पैसा इकडे धाडावा लागणार नाही. तो तिथल्या धाकट्या भावंडांच्या पोटात जाईल.

एका विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या मेसला महिन्याला साधारण ३,००० रुपये लागतात. पूर्ण महिना नाही जमला तर आठवडा घ्या, चार दिवस घ्या. ज्वारीचं पीठ, डाळ, तेल, शेंगदाणेही चालतील. मुलं स्वतः रांधतात. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी वर्षभर भाडं कमी घेतलं, तर ती फार मोठी मदत होईल.

रक्कम किंवा शिधा वाचनालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत द्यावा आणि पावती जरूर घ्यावी. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लावू. मदत घेणाऱ्या मुलांची नावं मात्र त्यावर नसतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते