९० वॅट छापलेली लाइट ४१ वॅटच भरली, माझे पैसे परत द्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: रीफ टँकची (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकची) एलईडी लाइट, खोटे आकडे आणि लाइट गेली की बिघडणारा टायमर याबद्दल

नमस्कार,

मी सोलापूरहून लिहितोय. जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात तुमच्या साइटवरून कोरलसाठीची ही लाइट मागवली, ११,४०० रुपये, बिल सोबत जोडलंय. आत्तापर्यंत तीनदा फोन केला, दोन मेल टाकले, दरवेळी नवीन माणूस भेटतो आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला लावतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझा हा पहिलाच खाऱ्या पाण्याचा टँक. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण १२० लिटर. आधी वर्षभर नुसतं वाचलं, मग टँक भरला, दीड महिना सायकल होऊ दिला, म्हणजे पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू तयार होऊ दिले, घाई केली नाही. लाइट घेताना मात्र तुमच्या बॉक्सवर विश्वास ठेवला कारण दुसरा इलाजच नव्हता. वर लिहिलंय ९० वॅट, १२ इंच खोलीवर २५० पार (पार म्हणजे प्रकाशातून अन्न बनवायला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप), आणि खाली मोठ्या अक्षरात 'नवशिक्यांसाठी, लावा आणि विसरा'.

आता हे का लागलं मनाला ते सांगतो. मासा अंधारातही दोन दिवस काढेल, कोरलचं तसं नाही. त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो, म्हणजे लाइट हेच त्याचं जेवण. आणि हे जेवण किती पडतंय ते माणसाच्या डोळ्याला कळत नाही हो, ५० पार आणि २०० पार दोन्ही आपल्याला लख्खच दिसतं, डोळा सवय करून घेतो. पार मीटर महाग, नवीन माणूस तो घेत नाही. म्हणूनच बॉक्सवरच्या आकड्यावर विसंबावं लागतं, आणि तोच आकडा तुम्ही खोटा छापलात.

फेब्रुवारीत मी कोरलचे पाच तुकडे सोडले, तीन झोआ, एक मशरूम, एक लेदर, सगळे मऊ कोरलचे प्रकार. सुरुवातीला लाइट ३० टक्क्यांवर ठेवली आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवली, कारण दुकानातल्या कोरलला एकदम जास्त उजेड दिला तर ते शेवाळच अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. (हे तुमच्या कागदावर एका ओळीनेही नाही, मला बाहेरून कळलं.) मार्चअखेर लाइट १०० टक्क्यांवर आली तरी झोआ खुश नव्हते. त्यांची मान लांब लांब होत गेली, एरवी दगडाला चिकटून चटईसारखे पसरतात ते देठावर उभे राहून वर बघायला लागले, हिरवा रंग जाऊन मातकट झाले. उजेड कमी पडला की झोआ असेच वर ताणतात.

तुमच्या माणसाने सांगितलं पाणी बिघडलं असणार. मग पाण्याचा हिशोब घ्या. खारटपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच, नायट्रेट १० पीपीएमच्या आत, म्हणजे सगळं कोरलला चालेल असंच. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहिती नसेल, बाहेर ४२-४३ डिग्री असतं, मी टँकवर दोन फॅन आणि दुपारी हॉलचा एसी लावून टेंपरेचर २६-२७ वर ठेवलंय. फॅनने पाणी उडतं ते रोज दोन-तीन लिटर आरओचं पाणी घालून भरतो, आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी साठवून ठेवून घालतो. एवढं करणाऱ्या माणसाला 'पाणी चेक करा' म्हणून फोन ठेवून देता.

एप्रिलमध्ये पुण्याचा एक मित्र पार मीटर घेऊन आला. लाइट पाण्यापासून ६ इंच वर, तुमच्याच कागदात लिहिल्याप्रमाणे. १२ इंच खोलीवर मधोमध ७०, कोपऱ्यात २५. त्यानंतर प्लगला लावायच्या मीटरवर वॅट बघितले, सगळे चॅनल (वेगवेगळ्या रंगांचे दिवे) फुल असताना ४१. याचे फोटो जोडलेत. फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं की आत ३ वॅटच्या ३० एलईडी आहेत म्हणून ९० लिहितो. अहो पण त्या एलईडीला तुम्ही करंटच कमी देताय, मग ९० कुठनं आले? अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी युनिफॉर्म शिलाईच्या युनिटमध्ये काम करतो, तिथे ९० मीटर लिहिलेल्या ताग्यात ४१ मीटर कापड निघालं तर पार्टी तागा त्याच टेंपोत परत पाठवते, वर पुढची ऑर्डर पण जाते.

दुसऱ्या माणसाने सांगितलं मोबाइलवर लक्सचं ॲप टाकून बघा, भरपूर दाखवेल. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने असतं, आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त दिसतो आणि निळा कमी, तर कोरलला लागतो तो मुख्यतः ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा, कारण समुद्रात लाल उजेड वरच्या काही मीटरमध्येच विरतो आणि निळा खोल जातो. लक्स भरपूर आलं म्हणजे मला भरपूर दिसतंय, कोरलला मिळतंय असं नाही. तुमच्या बॉक्सवर नॅनोमीटर कुठेच नाही, नुसतं 'फुल स्पेक्ट्रम'.

आता टायमरचं. मी ११ ते ८ असा प्रोग्राम लावलाय. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की दिवसातनं तीनदा जाते. करंट परत आला की तुमचं घड्याळ रात्रीचे १२ धरून चालू होतं. एकदा दुपारी ४ ला लाइट जाऊन आली, मला लक्षात आलं नाही, तर रात्री ३ वाजता हॉल निळा झाला, आई दचकून उठली, मासे बिचारे खडकात घुसून बसले. बार्शीला लग्नाला गेलो होतो तेव्हा तर घड्याळ ११ पर्यंत पोचायच्या आत परत परत लाइट गेली, शेजाऱ्यांच्या पोराने सांगितलं की चार दिवस टँक काळाच होता. आधीच अर्धपोटी असलेले झोआ त्यात मिटले ते मिटलेच. परत आलो तर दोन तुकडे विरघळून नुसता पांढरा चिकट थर राहिला होता, मी तो ब्रशने काढला. लेदर अजून आहे पण पंधरा दिवस उघडलेला नाही. घड्याळात नाण्याएवढा एक सेल टाकला असता तरी हे झालं नसतं.

अजून एक, बॉक्सवर फांद्याफांद्यांच्या कोरलचा फोटो आहे. दगडी कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. नवीन माणूस तो फोटो बघून तसलंच शोधत फिरेल, तो काढून टाका.

मला पाहिजे ते असं: ११,४०० रुपये परत, आणि लाइट तुमच्या खर्चाने घेऊन जा. बदली पीस नको, तो पण ४१ वॅटचाच येणार. साइटवर खरे वॅट आणि खोलीप्रमाणे खरा पार टाका, मधला आणि कोपऱ्यातला दोन्ही. मेलेल्या कोरलचे पैसे मी मागत नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. माझ्या पहिल्या मेलला ४० दिवस झालेत. या पत्राला आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे इथे सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणी केस टाकता येते. बिल, मीटरचे फोटो, रात्री ३ चा व्हिडिओ आणि तुमचे दोन्ही रिप्लाय जोडलेत. लाइट काढून मूळ बॉक्समध्ये भरून ठेवलीय, माणूस कधी पाठवताय ते कळवा.

आपला,
एक ग्राहक, जुळे सोलापूर