नुसतं पुलाला नाव देऊन भागणार नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय, पण विषय असा आहे की चार ओळींत बसत नाही, त्यामुळे जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

गोरेगावात पूर्व-पश्चिम जोडणारा मृणालताई गोरे उड्डाणपूल २०१६ ला सुरू झाला, तेव्हापासून हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी आहे, रिक्षावाले घेतात, मोबाईलच्या मॅपवर येतं, ट्रॅफिक जामच्या बातमीत येतं. पण पुलावरून रोज जाणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारा की मृणालताई कोण होत्या, बहुतेकांना सांगता येत नाही. ज्यांना थोडं माहीत असतं ते पाणीवाली बाई म्हणतात, लाटणं मोर्चा म्हणतात, फार तर १९७७ ची "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा (दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी) म्हणून दाखवतात, आणि तिथे थांबतात. मला यात मनापासून वाईट वाटतं ते हे की घोषणा राहिली आणि काम विसरलं गेलं. दिल्ली वगैरे नंतरची गोष्ट हो, बाई आधी ग्रामपंचायतीत आणि मग महापालिकेत होत्या, आणि त्यांचं पुढचं सगळं राजकारण या दोन जागांवर तयार झालं.

आजच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मृणालताईंचा जन्म १९२८ चा, माहेरच्या मोहिले. मेडिकलला होत्या, म्हणजे त्या काळात मुलीसाठी केवढी मोठी गोष्ट, पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात ओढल्या गेल्या आणि डॉक्टरकीचं शिक्षण सोडून दिलं. १९४८ ला केशव गोरे, म्हणजे बंडू गोरे यांच्याशी लग्न केलं, आंतरजातीय लग्न, आणि दोघं गोरेगावला राहून समाजवादी पक्षाचं काम करू लागले. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हतंच, ते १९५७ ला बृहन्मुंबईत आलं, त्याआधी इथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई त्या पंचायतीवर निवडून आल्या. गटार, दिवाबत्ती, रस्ता, बायकांसाठी कुटुंब नियोजनाचं केंद्र, असली कामं. १९५८ ला बंडू गोरे गेले, ऐन तारुण्यात. मृणालताई तिशीच्या आसपास, पदरात लहान मुलगी. लोकांनी आणि मित्रांनी मिळून केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला, तो आजही आरे रोडवर चालू आहे, आणि तीन वर्षांनी, १९६१ ला, ही बाई मुंबई महापालिकेत निवडून गेली.

इथपासून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्या काळातलं गोरेगाव, मालाड डोळ्यासमोर आणा. गाव नुकतं शहरात घातलेलं, कारखाने येतायत, माणसं येतायत, चाळी आणि झोपड्या वाढतायत आणि पाण्याची लाईन मात्र जुन्या गावापुरती. विहार आणि तुळशीचे तलाव अगदी शेजारच्या डोंगरात, एकोणिसाव्या शतकात बांधलेले, त्यांचं पाणी खाली शहराला जायचं, आणि तलावाच्या जवळ राहणाऱ्या बाईला हंडा घेऊन लांबवर उभं राहायला लागायचं. त्यात झोपडपट्टी म्हटलं की सरकारी उत्तर ठरलेलं, वस्ती अनधिकृत आहे, आज ना उद्या पाडायचीय, नळ दिला तर तिला मान्यता दिल्यासारखं होईल. हे उत्तर कागदावर एकदम बरोबर दिसतं, आणि म्हणूनच त्याच्याशी लढणं अवघड असतं. मृणालताईंनी लढाई नेमकी तिथे नेली. जमीन कोणाची हा प्रश्न वेगळा आणि माणसाला प्यायला पाणी लागतं हा प्रश्न वेगळा, एकाचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून ठेवता येणार नाही, ही त्यांच्या सगळ्या कामामागची भूमिका होती. आज ऐकायला साधं वाटतं. पण त्या वेळी सभागृहात हे धरून बसणं आणि बाहेर बायकांचे हंडा मोर्चे काढणं, दोन्ही एकाच माणसाने करणं, हे साधं नव्हतं.

आणि हे दोन्ही एकत्र होतं ना, तीच खरी गोष्ट आहे. नुसता मोर्चा काढणारे खूप असतात, चार घोषणा झाल्या, निवेदन दिलं, फोटो निघाला, संपलं. नुसते सभागृहात बोलणारेही असतात, त्यांचं भाषण छान असतं पण मागे माणसं नसतात. महापालिकेचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना विचारा, पाण्याची लाईन कुठून कुठे जाणार हे भाषणाने ठरत नाही, ते बजेटमध्ये ठरतं, कुठल्या रस्त्याखाली किती इंची पाईप टाकायचा, त्याला यंदा पैसे आहेत का पुढच्या वर्षी, जल अभियंता खात्याचा शेरा काय आहे, वॉर्ड ऑफिसने प्रस्ताव वर पाठवलाय का. नगरसेवकाला हे वाचता यावं लागतं आणि चिकाटीने मागे लागावं लागतं. मृणालताईंचं नाव झालं ते या चिकाटीने झालं. पाणीवाली बाई हे नाव कुठल्या पीआर एजन्सीने काढलेलं नाही, ते नळ आलेल्या वस्त्यांतल्या लोकांनी दिलंय.

१९७२ ला त्या विधानसभेत गेल्या. ते दुष्काळाचं साल, तेल, साखर, रॉकेल सगळ्याची ओढाताण, आणि अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, कमल देसाई अशा वेगवेगळ्या डाव्या आणि समाजवादी पक्षांतल्या बायका त्यांच्या बरोबरीने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. लाटणं मोर्चा, थाळीनाद हे तेव्हाचं. याबद्दल पुष्कळ लिहून आलंय म्हणून मी जास्त लिहीत नाही, फक्त एक बघा, त्या मोर्च्यात आलेल्या हजारो बायका एका दिवसात जमलेल्या नव्हत्या, गोरेगावात पाण्यासाठी दहा-बारा वर्षं घरोघर जाऊन जी ओळख झाली होती तिचा त्यात मोठा वाटा होता. मग आणीबाणी आली, भूमिगत राहून काम केलं, पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या, १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. मोरारजी देसाईंनी आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं होतं ते घेतलं नाही. आजच्या दिवसात ही एक ओळ तरुणांना मुद्दाम वाचून दाखवावी अशी आहे, मंत्रिपद समोर आलं आणि नाही म्हटलं.

१९८५ ला परत विधानसभेत. तिथे १९८६ ला त्यांनी गर्भलिंग तपासणीविरुद्ध खाजगी विधेयक मांडलं, बाहेर महिला संघटना आणि डॉक्टर मंडळी रान उठवत होतीच, आणि १९८८ ला महाराष्ट्राने याबाबतचा कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. १९८८-८९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही होत्या, हे तर कित्येक राजकारणातल्या लोकांनाही आठवत नाही. गोरेगावात अडचणीतल्या बायकांसाठी स्वाधार सुरू झालं तेही याच दशकात.

पण मला विचाराल तर पाण्यानंतरचं त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे घरं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू असा होता की शहरात काही मोजक्या लोकांकडे पडून असलेली जास्तीची जमीन सरकारने घ्यावी आणि सामान्य माणसाच्या घरासाठी वापरावी. प्रत्यक्षात त्यातल्या कलम २० खाली, म्हणजे कमाल मर्यादेतून सूट देणाऱ्या कलमाखाली, सवलत देऊन देऊन जमिनी परत मालक आणि बिल्डर यांच्याकडेच राहत होत्या. त्यांचे सहकारी बाबुराव सामंत आणि मृणालताई यांनी हा कायदा नीट वाचला, नागरी निवारा परिषद काढली, रस्त्यावर लढले, कोर्टात लढले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या डोंगराकडे साठ एकराच्या वर जमीन मिळवून सहा हजारांवर घरं उभी केली, कमी उत्पन्नवाल्यांसाठी. आज फिल्म सिटी रोडच्या बाजूला एनएनपी म्हणून जी मोठी वसाहत आहे ती हीच. तिथल्या नव्या पिढीला एनएनपीचा फुलफॉर्म माहीत असेल नसेल, पण ज्या कायद्याच्या आधाराने त्यांच्या आईवडिलांना घर मिळालं तो कायदा महाराष्ट्राने २००७ ला रद्द केला हे तरी माहीत पाहिजे. त्यानंतर मुंबईत नोकरदार माणसासाठी घराचं काय झालं हे मी सांगायची गरज नाही, तुमच्या पेपरात रोज जाहिराती असतात, किमती वाचा.

काही जण म्हणतात अशा लोकांमुळेच झोपडपट्ट्या वाढल्या, पाणी दिलं, दिवे दिले, म्हणून लोक राहिले. मला हे अजिबात पटत नाही. लोक कामासाठी आले आणि कामाला शहराला ते हवे होते, गिरण्यांना, कारखान्यांना, घरकामाला, बांधकामाला. पाणी अडवून कोणी परत गेलं नाही, फक्त टँकरवाल्याचा धंदा झाला आणि मुलं आजारी पडली. उलट झोपडी हा कायमचा उपाय नाही हे मृणालताईंना कळत होतं म्हणूनच नागरी निवाराचं एवढं मोठं काम हातात घेतलं ना. नळ आज द्या आणि घराची लढाईही आज सुरू करा, असं दोन्ही बाजूंनी चालू होतं.

आणि हा वाद काही जुना झालेला नाही. पुढे झोपडपट्टीच्या पाण्याला कट-ऑफ डेटची अट लागली, अमुक सालानंतरची झोपडी असेल तर नळजोडणी नाही. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. म्हणजे साठच्या दशकात गोरेगावची नगरसेविका जे मांडत होती ते कोर्टाच्या निकालात यायला पन्नास वर्षं गेली. महापालिकेचं सर्वांसाठी पाणी धोरण त्यानंतरही लगेच आलं नाही, ते २०२२ ला आलं. तरी आजही पाणीपुरवठ्याच्या हिशोबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर हे गणित धरलेलं आहे. माणूस तोच, तहान तीच, आंघोळीला पाणी तेवढंच लागतं, मग हा तिपटीचा फरक कशासाठी? यावर महापालिकेत कोणीतरी ठिय्या देऊन बसायला पाहिजे.

नगरसेवक या पदाकडे आपण फार हलकं बघतो, आमदारकीची पहिली पायरी म्हणून, किंवा ओळखीचा दाखला मिळवायचं ठिकाण म्हणून. ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते, २२७ वॉर्डांत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, आणि त्यावर मुंबईत मोठा आवाज झाला नाही. हे मला फार लागलं. वॉर्डातल्या बाईने पाण्याचा प्रॉब्लेम घेऊन कोणाकडे जायचं, हा प्रश्नच लोकांना पडेनासा झाला की काय. मृणालताईंनी आयुष्यभर ज्या सभागृहाला मान दिला ते इतका काळ रिकामं राहिलं आणि शहर शांत राहिलं, हे बरोबर नव्हतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या अवघड नाहीत. उड्डाणपुलाच्या दोन्ही टोकांना, पायी चालणाऱ्याला दिसेल अशा जागी, मृणालताईंच्या कामाची माहिती देणारा मराठी, हिंदी फलक लावा, त्यात नुसतं "थोर समाजसेविका" एवढं लिहून मोकळे होऊ नका, १९६१ च्या नगरसेविका, गोरेगावचं पाणी, नागरी निवाराची घरं, १९८८ चा कायदा, हे सगळं लिहा. दुसरं, त्या नगरसेविका असतानाचे महापालिका सभागृहाचे इतिवृत्तांत स्कॅन करून कोणालाही वाचता येतील असे वेबसाईटवर ठेवा, पुरस्कारांच्या यादीपेक्षा त्यातून त्यांचं काम जास्त कळेल, आणि नगरसेवकांना प्रशिक्षण देताना त्यातला पाण्यावरचा भाग वाचायला द्या.

तिसरी मागणी तुमच्याकडे आहे, संपादक साहेब. १७ जुलै २०१२ ला ताई गेल्या तेव्हा सगळ्याच पेपरांनी चांगलं लिहिलं, पण सगळ्यांनी जवळजवळ तेच पाच-सहा प्रसंग लिहिले. तुमच्या ऑफिसात जुन्या अंकांच्या फाईली असतील तर साठच्या दशकातल्या महापालिकेच्या बातम्या काढा, उपनगरातल्या पाण्यावरची चर्चा, हंडा मोर्चे, त्या वेळचे आयुक्त काय म्हणाले, विरोधात कोण बोललं, आणि रविवारच्या पुरवणीत तारखेसकट छापा. गोरेगाव, मालाडमधल्या जुन्या लोकांकडे कात्रणं आणि फोटो आहेत, तुम्ही आवाहन केलंत तर लोक आणून देतील, गोळा करायच्या कामात मीही मदत करीन. ते लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे याच वर्षी करा. माझा पत्ता आणि फोन नंबर सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये.

आपला,
एक गोरेगावकर वाचक