सरकार लहान ठेवा, लुळे नको : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री

विषय : मर्यादित सरकार आणि बुडणाऱ्या बँका

स. न. वि. वि.

न्यायालये, पोलीस आणि सैन्य एवढे सरकारने सांभाळावे, बाकीचे बाजार पाहून घेईल, या मांडणीला पुन्हा जोर आला आहे आणि आपलाही कल तिकडेच दिसतो. आम्ही तिचे वैरी नाही. परवाने, आयात शुल्के, भावनियंत्रण यांचा पसारा आवरायलाच हवा, त्यावर शब्द खर्च करत नाही. पण मुक्त भांडवलशाही स्वतःच्या पायावर किती काळ उभी राहील हे सरकारी खर्च किती टक्के आहे यावर ठरत नाही. तोटा झाला की तो कोणाच्या खिशातून जातो, यावर ठरते. आणि हे सर्वांत लवकर उघडे पडते ते बँकांमध्ये.

एक साधा ताळेबंद घ्या. ठेवी 95, भागधारकांचे भांडवल 5, एकूण 100. त्यातले 10 रोख, 90 कर्जाऊ दिलेले. कर्जे वर्षानुवर्षे फिटत राहणार, ठेवी मात्र मागताक्षणी द्यायच्या. कर्जांतले 6 बुडाले की भांडवल साफ, आणि वर ठेवींना 1 चे भगदाड. कुजबुज सुरू होते. उरलेली 84 ची कर्जे घाईत विकायला काढली तर 70 हाती येतात. म्हणजे 95 च्या देण्यासमोर फक्त 80. रांगेत पुढे असलेल्याला सगळे मिळते, मागच्याला काहीच नाही. तेव्हा धावणारा ठेवीदार अजिबात वेडा नसतो. शेजारची धडधाकट बँकही यात सापडते, कारण तिच्याकडची तशीच कर्जे आता त्याच पडेल भावाने मोजली जातात.

अशा वेळी ‘आम्ही कोणालाही वाचवणार नाही’ हे वाक्य मंत्र्याच्या तोंडी टिकत नाही. अमेरिकेत 9 मार्च 2023 रोजी सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर निघाले, दुसऱ्या दिवसासाठी आणखी 100 अब्जांच्या मागण्या रांगेत होत्या. ठेवीविम्याची मर्यादा होती अडीच लाख डॉलर. 12 मार्चला, रविवारी, सरकारने तिथल्या सगळ्याच ठेवींना हमी दिली.

चिलीचे उदाहरण जास्त बोचरे आहे. 1970 च्या दशकात तिथल्या लष्करी राजवटीने बँका खाजगी गटांना विकल्या. बऱ्याच खरेदीदारांनी त्यासाठीचा पैसाही उसनाच उभा केला आणि मग बँकेच्या ठेवी आपल्याच कंपन्यांना कर्ज म्हणून वळवल्या. तपासणी नावापुरती. ठेवीदारांनी आपापले पाहावे, असे सांगून झाले होते. तरीही 1977 मध्ये ओसोर्नो बँक डळमळताच सरकार धावले. सरकार शेवटी वाचवतेच, अशी त्या दिवशी प्रत्येक सावकाराने मनाशी खूणगाठ बांधली. 1979 पासून डॉलरचा दर 39 पेसोंवर बांधलेला, त्यामुळे परदेशी कर्ज स्वस्त वाटत होते. जून 1982 मध्ये तो दर सोडावा लागला, डॉलरमधली देणी फुगली, त्या वर्षी उत्पादन सुमारे 14 टक्क्यांनी आक्रसले, आणि जानेवारी 1983 मध्ये बाजाराची दीक्षा घेतलेल्या त्याच राजवटीने मोठमोठ्या बँका ताब्यात घेतल्या. तपासनिसांचे पगार वाचवले, बँका पदरात पडल्या.

मुक्त बाजाराचा नमुना म्हणून हाँगकाँगचा दाखला आम्हाला नेहमी ऐकवला जातो. तिथली जवळजवळ सगळी जमीन सरकारच्या मालकीची आणि भाडेपट्ट्याने दिलेली, हे सांगायचे मात्र राहून जाते. ऑगस्ट 1998 मध्ये सट्टेबाजांना थोपवण्यासाठी तिथल्या सरकारने सुमारे 118 अब्ज हाँगकाँग डॉलरचे समभाग खरेदी केले, हेही.

मग सरकारचा हात नसताना चाललेली बँकव्यवस्था कधी नव्हतीच का? होती. स्कॉटलंडमध्ये 1845 पर्यंत मध्यवर्ती बँकेशिवाय कारभार चालला, आणि बरा चालला. तिथले इंगित असे की, खास सरकारी सनद मिळालेल्या बँका सोडल्या तर भागधारकांचे दायित्व अमर्याद होते, म्हणजे बँकेचे देणे त्यांना स्वतःच्या मालमत्तेतूनही फेडावे लागे. 1772 मध्ये एअर बँक कोसळली तेव्हा भागीदारांनी जमीनजुमला विकून देणी फेडली. पुढे 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. ठेवीदारांना पैसे पूर्ण मिळाले, पण 100 पौंडांच्या समभागामागे भागधारकांकडे आधी 500 आणि नंतर 2,250 पौंड मागण्यात आले. बहुतेक जण रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि बँका मर्यादित दायित्वाकडे पळाल्या. ही सवलत कायद्याने दिलेली आहे, बाजारात उगवलेली नाही. ती हवी आणि तिच्यामागची देखरेख नको, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आता कामाचे. वरच्या ताळेबंदात भांडवल 5 ऐवजी 15 असते, तर 6 बुडूनही 9 उरले असते आणि रांग लागायचे कारणच राहिले नसते. हे प्रमाण एकूण मालमत्तेवर मोजा. कर्जागणिक जोखीम ठरवून मोजलेत, तर बँका जोखीम कमी दाखवण्याचे कसब शिकतात. युरोपीय नियमांत पुढे बुडालेल्या ग्रीसच्या सरकारी रोख्यांचीही जोखीम शून्य धरलेली होती. दुसरे, तोट्याचा क्रम कायद्यात आधीच लिहा : पहिले भागधारक, मग रोखेधारक, मग मोठे ठेवीदार, छोट्या ठेवींना विमा, आणि त्याचा हप्ता बँकांनी भरायचा. इथे एक खाच आहे. असे रोखे बँकेच्या खिडकीवर सामान्य बचतदाराला विकू देऊ नका. इटलीत ते विकले गेले होते, आणि 2015 च्या अखेरीस चार लहान बँका निकाली काढताना त्यात घरगुती बचतच बुडाली. हाहाकार झाला, आणि भरपाई शेवटी द्यावीच लागली. तिसरे, मालकाच्या स्वतःच्या कंपन्यांना द्यायच्या कर्जावर कडक मर्यादा, आणि ती मोडली की संचालक पदावरून बाजूला. चिलीत नेमके हेच नव्हते.

यासाठी मोठे सरकार लागत नाही. ताळेबंद वाचता येणारे मोजके तपासनीस लागतात, आणि दिवाळखोरीचा खटला वर्षानुवर्षे न लोंबकळवणारी न्यायालये. कपातीची कुऱ्हाड मात्र बहुधा याच पदांवर आधी पडते, कारण त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. आयात शुल्क टिकवायला मात्र उद्योगपतींची शिष्टमंडळे आपल्या दालनात येतच राहतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

येत्या अर्थसंकल्पात कपातीची यादी कराल तेव्हा तपासनीस आणि न्यायाधीश ही दोन पदे तिच्यातून वगळावीत, आणि तोट्याचा क्रम ठरवणारे विधेयक बाजार शांत असतानाच सभागृहात आणावे, ही विनंती.

आपले,
बँकिंग व सार्वजनिक वित्ताचे काही अभ्यासक