बाबा, टीव्ही बिघडलेला नाही

लीड्स
रविवार, दुपार

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि.

काल फोनवर नुसता गोंधळ झाला. फोनमधला व्हिडिओ टीव्हीवर लावायला, ज्याला कास्ट करणं म्हणतात, मी इथून सांगतोय की यूट्यूबच्या कोपऱ्यातलं ते चौकोनी चिन्ह दाबा, बाबा म्हणतायत चौकोनच नाही, आणि आई आतून विचारतेय लागलं का लागलं का. असं तोंडी जमायचं नाही म्हणून सगळं लिहूनच काढतोय. बाबा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून याची प्रिंट काढून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, कारण हे परत होणारच आहे.

आधी एक, तो टीव्हीवाला "बोर्ड गेलाय" म्हणून सांगून गेला ना, त्याला पैसे देऊ नका. रिमोटने यूट्यूब उघडलं तर कीर्तन लागतंय असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे टीव्हीला इंटरनेट मिळतंय, चित्र येतंय, आवाज येतोय, मग बोर्ड कुठला गेला? फक्त फोनवरून लावलं की लागत नाही, एवढंच आहे, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा टीव्हीच्या बाहेर असतात.

तुम्हाला वाटतं की कास्ट केलं की फोनमधला व्हिडिओ हवेतून टीव्हीत जातो. तसं नाहीये. यूट्यूबमध्ये ते चिन्ह दाबल्यावर फोन टीव्हीला फक्त एवढंच कळवतो की अमुक व्हिडिओ लाव, पुढे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो आणतो. तुम्ही किराणावाल्याला फोन करून यादी सांगता आणि पोरगा सामान घरी आणून टाकतो, तसं. खरं वाटत नसेल तर व्हिडिओ एकदा लागला की फोन सरळ बंद करून बघा, टीव्ही चालूच राहील. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. फोनला टीव्ही दिसतच नसेल तर घोळ बहुतेक घरातल्या वायफायमध्ये आहे. टीव्ही दिसतोय, नाव पण येतंय, पण नुसतं गोल गोल फिरतंय, तर मग टीव्ही किंवा त्याचं इंटरनेट बघायचं, तिथे फोनशी झटापट करून काही होत नाही.

तुमचं पहिलं आहे, टीव्ही दिसतच नाही. आणि मला जवळजवळ खात्री आहे की हे लाईटमुळे होतंय. टीव्ही इन्व्हर्टरवर आहे, राउटर नाही. लाईट गेली की टीव्ही चालू राहतो पण वायफाय जातं, आणि तुमचा फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. लाईट आली तरी राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुम्ही यूट्यूब उघडलेलं असतं. फोनवर व्हिडिओ छान चालतो, डेटावर चालतो म्हणून, त्यामुळे तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, पण फोन आणि टीव्ही आता एका घरात असूनही एका नेटवर्कवर नसतात आणि ते चिन्ह गायब होतं. तेव्हा लाईट आली की राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, मग मोबाइल डेटा बंद करा, वायफाय लागलंय ना ते बघा, यूट्यूब पूर्ण बंद करून परत उघडा. आणि इलेक्ट्रिशियन आला की राउटरचा प्लग पण इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यायला सांगा, राउटर काही फार वीज खात नाही.

एवढ्याने नाही झालं तर दुसरा संशयित म्हणजे वरच्या मजल्यावरचा तो रिपीटर, म्हणजे वायफाय लांबपर्यंत पोचवणारी डबी. आपल्या घराच्या भिंती दगडी, म्हणून फायबरवाल्या पोराने जिन्यात ती डबी लावली आणि तिला वेगळंच नाव दिलं. आता घरात वायफायची तीन नावं दिसतात, एक साधं, एक पुढे ५जी लिहिलेलं, आणि एक त्या डबीचं. (ते ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नाही बाबा, ती ५ गिगाहर्ट्झची लहर आहे, सिमकार्डाशी काही संबंध नाही, मागे तुम्ही रिचार्जवाल्याशी उगाच भांडलात.) पहिली दोन एकाच राउटरची आहेत त्यामुळे फोन एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला तरी बहुतेक वेळा चालतं, काही राउटर तिथेही अडतात. पण डबीने स्वतःचा वेगळा संसार मांडला असेल तर तिच्यावरच्या फोनला खालचा टीव्ही सहसा दिसणार नाही.

हे कळायची युक्ती सांगतो. फोनमध्ये सेटिंग, वायफाय, जोडलेल्या नावावर टिचकी मारा, खाली आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा फोनचा पत्ता, असा आकडा दिसेल, समजा १९२.१६८.१.७. तसाच आकडा टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये आहे. दोन्ही कागदावर लिहा. पहिले तीन भाग सारखे आणि शेवटचाच वेगळा असेल तर दोघे बहुधा एका घरात. टीव्हीवर १९२.१६८.१ आणि फोनवर १९२.१६८.० किंवा भलतंच काहीतरी आलं तर फोन डबीवर आहे किंवा डेटावर, मग बाकी काही न करता फोन खालच्या वायफायवर आणा. मला व्हॉट्सॲपवर दोन्ही आकड्यांचे फोटो पाठवलेत तरी मी इथून सांगेन. हे कागदावर लिहायचं काम बाबा तुम्हाला आवडेल, खात्यात असताना नोंदी ठेवायचात तसं.

पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळं वायफाय असतं त्यावर पण हेच होतं, ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं की त्यावरच्या फोनला घरातली बाकीची उपकरणं दिसू नयेत. हॉटेलमध्येही तेच. मी इथे आलो तेव्हा ज्या बिल्डिंगमध्ये राहत होतो तिथलं वायफाय सगळ्यांना एकच होतं आणि फोनला स्वतःच्याच खोलीतला टीव्ही दिसायचा नाही, शेवटी छोटा राउटर आणून लावला तेव्हा कुठे मॅच बघता आली. दिवाळीत दाजींच्या फोनवरून लागत नव्हतं ते मात्र वेगळं, त्यांच्या ऑफिसच्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट वेगळ्या बंद वाटेने नेणारी सोय, कायम चालू असतं, ते चालू असलं की घरातला टीव्ही बरेचदा दिसत नाही. आणि ताईचा आयफोन आहे, तिला सांगा की २०२० पासून आयफोनमध्ये प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी लागते, पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने घाईत नको म्हटलं असणार. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन लोकल नेटवर्क उघडायचं आणि यूट्यूबपुढचं बटण चालू करायचं.

टीव्ही दिसतोय पण लागत नाही, असं झालं तर टीव्ही पूर्ण बंद करा. रिमोटने नाही, रिमोटने तो फक्त डुलकी घेतो. भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबा. बरेच दिवस बंद राहिलेल्या टीव्हीचं घड्याळ कधी कधी चुकतं, तारीख जुनीच दाखवतो, आणि मग वायफाय जोडलेलं असूनही ॲप म्हणतात इंटरनेट नाही, कारण समोरची साईट खरी आहे का हे टीव्ही तारखेवरून पण तपासतो. सेटिंगमध्ये तारीख आपोआप घ्या असं करून ठेवा.

फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून टीव्ही नव्यासारखा करणं, मात्र मला विचारल्याशिवाय कुणालाही करू देऊ नका, शेजारच्या इंजिनीयर मुलालाही नाही. मार्च २०२५ मध्ये जगभर दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडून कास्ट करायचं गूगलचं उपकरण, २०१५ सालचे ते गोल वाले, एकदम चालेनासे झाले होते. कारण काय तर आतल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची, म्हणजे उपकरण खरं असल्याच्या दाखल्याची, मुदत संपली होती. लोकांनी घाबरून रिसेट मारले आणि अजून अडकले, कंपनीलाच सांगावं लागलं की रिसेट करू नका, आणि काही दिवसांत दुरुस्ती आपोआप आली. सगळ्याच गोष्टी आपल्या घरात बिघडलेल्या नसतात. नेटफ्लिक्सचं पण तसंच, २०२५ च्या शेवटी त्यांनी बहुतेक नव्या टीव्हींवर फोनवरून कास्ट करायची सोयच काढून टाकली, त्यामुळे तिथे ते चिन्ह शोधत बसू नका, टीव्हीवरचंच ॲप रिमोटने उघडा. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही, रिमोटने एकेक अक्षर टाइप करून सिनेमा शोधणं म्हणजे शिक्षा आहे, पण आपल्या हातात काय आहे.

आई, आता तुझं. तू जे करतेस, म्हणजे फोनचा अख्खा स्क्रीन टीव्हीवर घेतेस, ते कास्ट नाही, ते मिररिंग. त्यात मात्र फोन खरोखरच चित्र पाठवत असतो, म्हणून फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि कुणाचा मेसेज आला की तो पण टीव्हीवर दिसतो. परवा आत्याचा मेसेज सगळ्यांनी वाचला तो असाच. बँकेचा ओटीपी पण असाच दिसू शकतो, तेव्हा पाहुणे असताना नको. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ दाखवायला हाच सोपा रस्ता आहे म्हणून तो ठेव, पण सिनेमाच्या ॲपवर तसं केलंस की काळा पडदा आणि नुसता आवाज येतो, ते चोरून रेकॉर्ड करू नये म्हणून मुद्दाम केलेलं कुलूप आहे, तुझं काही चुकत नाही.

चिऊच्या नाचाचा व्हिडिओ टीव्हीवर "फॉरमॅट चालत नाही" म्हणत होता ते माझ्या आयफोनमुळे. तो नव्या पद्धतीने व्हिडिओ साठवतो, आपल्या टीव्हीला ती कळत नाही. मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मोस्ट कंपॅटिबल करून ठेवलंय, पुढचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून पण लागतील.

अडकत अडकत चालणं हा वेगळा आजार. त्याला जास्तीचा प्लॅन घेऊ नका, फायबरवाला तेच सुचवेल. ४के ला, म्हणजे अगदी स्पष्ट चित्राला, नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग पुरे म्हणतं आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट आहे. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे आहे, तो आधी बाहेर काढा, शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. टीव्ही वायरवर आणि फोन वायफायवर असला तरी कास्ट होतं, राउटर एकच असला म्हणजे झालं.

दोन गोष्टी करू नका. प्ले स्टोअरवर कास्ट टू टीव्ही नावाची ढीगभर ॲप आहेत, दर मिनिटाला जाहिरात दाखवतात, एकही नको. आणि टीव्ही कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून फोन करू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, ते स्क्रीन दिसायचं ॲप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. नंबर वॉरंटी कार्डावर आहे तोच.

पुढच्या रविवारी एक गंमत करू. टीव्हीवर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये लिंक विथ टीव्ही कोड असं आहे, तिथे १२ आकडे येतात, ते मला फोनवर वाचून दाखवा. त्याला एकच वायफाय लागत नाही, इंटरनेटवरूनच जुळतं, मग मी इथून व्हिडिओ लावीन आणि तुम्ही नुसतं बसायचं. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इथे हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, चिऊ पण घरी असते. फक्त काम झालं की त्याच सेटिंगमध्ये जाऊन माझा फोन काढून टाका, नाहीतर ती इथून आईच्या सिरियलमध्ये कार्टून लावेल आणि तुम्ही परत त्या टीव्हीवाल्याला बोलवाल.

टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, मॉडेल नंबर नीट दिसेल असा. आणि एचडीएमआय केबल इथून आणू का विचारत होतात, नको, तिथे मार्केटमध्ये स्वस्तात मिळते. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आधी आणा.

तुमचा,
बंड्या