मधला 'ला' तुमचा आहे, ताई

प्रिय ताई,

परवा सकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आजीला चहा दे." मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तिथेच खाली बसले. 'आजी चहा' यावर आम्ही तीन वर्षं अडकलो होतो.

तिचं बोलणं सुधारावं म्हणून तुमच्याकडे वाचा-उपचाराला आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. डाउन सिंड्रोम म्हटल्यावर जो तो सांगायचा, बोलेल हळूहळू. तुम्ही मात्र आधी कान तपासायला पाठवलंत. पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. या मुलांमध्ये ते फार आढळतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धंमुर्धं ऐकू येणाऱ्या पोरीवर मी "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडत होते. आठवलं की अजून पोटात तुटतं.

मीठ, साखर, काडेपेटी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं की ती नुसती काडेपेटी घेऊन यायची. तुम्ही वहीत आकृती काढून समजावलंत. ऐकलेले शब्द काही सेकंद मनात घोळवत ठेवायची आपली एक सोय असते. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली स्मृतीची जी मांडणी केली, त्यातलीच ही. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेकदा नेमकी तीच तोकडी पडते. डोळ्यांनी पाहिलेलं त्या मानाने बरं टिकतं. त्यात आपल्या मराठीत कुणी कुणाला काय दिलं, हे सगळं शब्दाच्या शेपटातल्या एवढ्याशा 'ने' आणि 'ला'वर. ते तिच्या कानाला लागायच्या आत निसटत होते.

मग तुम्ही म्हणालात, तिला वाचायला शिकवू, म्हणजे बोलेल. मला ते उलटंच वाटलं होतं. बोलता येत नाही ते लेकरू वाचणार कसं? तेव्हा तुम्ही इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकलींबद्दल सांगितलंत. १९८० साली एका वडिलांनी त्यांना पत्र लिहून आपली डाउन सिंड्रोम असलेली लेक कशी वाचू लागली ते कळवलं, आणि तिथून या मुलांच्या वाचनावरचं त्यांचं काम सुरू झालं. मीही म्हणूनच हे सगळ्यांपुढे लिहितेय. कुणा आईच्या हाती लागेल.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही शब्द लिहिलेत. 'आजी' काळ्या शाईत, 'ला' लाल. ती लाल अक्षरावर बोट ठेवायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी सांगायला जायची, तर तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. तेवढं थांबणं मला सगळ्यात जड गेलं. तुम्ही किती वेळ गप्प बसू शकता, ताई! आमच्या नात्यागोत्यात एवढा धीर तिला कुणीच दिला नव्हता.

काल ती कार्डं घरी विसरून दुकानात गेली. मीठ आणलं, काडेपेटी आणली, साखर राहिली. मंगळवारी येऊ तेव्हा हे ती स्वतः सांगणार आहे. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
एक आई